उन्हाळी सुटीत लहान मुलांसाठी शिबिराची निवड



मे महिना आला की आम्हा विद्यापीठाच्या मंडळींचे गावोगावी खरीपपूर्व मेळावे सुरू होतात. सोयाबीनची उगवणशक्ती, बीजप्रक्रिया, तुरीचे आंतरपीक, रुंद वरंबा-सरी पद्धत असे ठरलेले विषय असतात. मागील उन्हाळ्यात वाशीम जिल्ह्यातील आसेगाव येथे असाच एक मेळावा आटोपला. चहा झाला, लोक पांगले आणि एक शेतकरी जोडपे मात्र थांबून राहिले. बियाण्याबद्दल काही विचारायचे असेल असे मला वाटले. त्यांनी पिशवीतून एक रंगीत पत्रक काढले व माझ्या हाती दिले.

“सर, पोरगी सात वर्साची हाये. तिले इथं धाडाव का नाई जी?”

पत्रक एका निवासी उन्हाळी शिबिराचे होते. दहा दिवस मुक्काम, एकवीस विषय, शेवटी प्रमाणपत्र. मुलीची आई हळूच म्हणाली, “पैशाचं पाहू सर, पण तिले रात्री माह्याशिवाय झोप येत नाई.”

मी कृषिविद्या शिकवितो. हा विषय खरे तर आमच्या गृहविज्ञानाच्या सहकाऱ्यांचा आहे. परंतु मीही एका लहान मुलीचा बाप आहे व या बाबतीत एकदा चांगलाच चुकलेलो आहे. त्यामुळे त्या दोघांना जे सांगितले तेच थोडे विस्ताराने येथे देत आहे.

प्रश्न चैनीचा नाही

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या चौथ्या आठवड्यात किंवा अखेरीस उघडतात. म्हणजे मूल जवळपास दोन महिने घरी असते. नेमक्या याच काळात आपली नांगरट, वखराच्या पाळ्या, धुरे साफ करणे, शेणखत पसरविणे, बियाण्याची जुळवाजुळव आणि त्यातच लग्नसराई. पूर्वी सुटी लागली की मुले मामाच्या गावी जात. तेथे आजी असे, चार मामेभावंडे असत. आता मामाच नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो आणि घरातील आजीला पायऱ्या उतरवत नाहीत. मग मूल एक तर मोबाईल घेऊन घरात बसते, नाही तर आपल्यासोबत शेतात येते.

शेतात येण्यात वाईट काही नाही. पण शेत आता पूर्वीचे राहिले नाही. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाल्यानंतर शेततळ्यांची संख्या वाढली व अनेक तळ्यांना प्लॅस्टिकचे अस्तर आले. पाणी टिकण्यासाठी ते उत्तमच. परंतु ओल्या प्लॅस्टिकच्या उतारावर पाय ठरत नाही. मातीच्या तळ्यात मूल हातपाय मारून काठाला धरू शकते, अस्तराच्या तळ्यातून मोठ्या माणसालाही आधाराशिवाय वर येणे कठीण जाते. लहान मुले शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. आपल्या तळ्याला तारेचे कुंपण व फाटक नसेल तर शिबिराचा विचार नंतर करावा, आधी कुंपण करावे. तोपर्यंत निदान चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर व त्यांना हवा भरलेल्या ट्यूब बांधून पाण्यात सोडून ठेवाव्यात.

तेव्हा या दिवसांत सकाळचे तीन तास कोणी जबाबदार माणूस मुलावर लक्ष ठेवणार असेल, तर तेवढ्यासाठीसुद्धा शिबिर उपयोगाचे आहे. मात्र तेथे खरोखर लक्ष ठेवले जाते काय, हेच पाहायचे असते.

मुक्कामी शिबिरे कोणासाठी निघाली?

सुटीतील शिबिराची पद्धत तशी जुनी आहे. अमेरिकेत १८६१ मध्ये फ्रेडरिक गन नावाच्या शिक्षकाने आपल्या शाळेतील मुलांना तंबू घेऊन समुद्रकिनारी मुक्कामाला नेले. तेथील संघटित शिबिरांची सुरुवात यालाच मानतात. १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर बेडन पॉवेल यांनी जे प्रायोगिक शिबिर घेतले त्यातून स्काउट चळवळ उभी राहिली. आपल्या कृषी विस्ताराशी जवळचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ४-एच मंडळे. १९०२ मध्ये ओहायो राज्यातील ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधीक्षकांनी शेतकऱ्यांच्या मुलांचा एक गट जमवून त्यांच्याकडून मका व भाजीपाल्याचे छोटे प्रयोग करवून घेतले. पुढे ही मंडळे तेथील कृषी विस्तार सेवेचाच भाग झाली.

आपल्याकडेही ही परंपरा मोठी आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. मंडळाच्या उन्हाळी शिबिरात मल्लखांब, लेझीम शिकलेले लोक वऱ्हाडात ठिकठिकाणी भेटतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज मोझरीचा आश्रम स्थापन केला. श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सुसंस्कार शिबिरे आजही सुटीत गावोगावी भरतात. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाची शिबिरेही तशीच. बाबा आमटे यांनी सुरू केलेली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी मात्र तरुणांसाठी आहे.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मुक्कामाची ही पद्धत मुळात मोठ्या मुलांसाठी, बहुतेक दहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी निघाली. स्वतः आंघोळ करणारे, अंथरूण घडी करणारे, दुखले-खुपले तर सांगू शकणारे मूल तेथे अपेक्षित होते. अलीकडे तोच साचा उचलून पाच-सहा वर्षांच्या मुलांना लावला जातो. पहाटे पाचला शिट्टी, थंड पाण्याची आंघोळ, कवायत, चूक झाली की शिक्षा. पालकांना वाटते, मूल धीट होईल. सहा वर्षांचे मूल अशाने धीट होत नाही, गप्प होते.

वय पाहून निवड

भाजीपाल्याची रोपे आपण गादीवाफ्यातून काढून एकदम रानात लावत नाही. पुनर्लागवडीपूर्वी आठवडाभर पाणी तोडून ती काटक करतो. मुलाच्या बाबतीतही तसेच करावे. मूल आधी एक रात्र मावशीकडे, मग दोन रात्री आत्याकडे आई-वडिलांशिवाय राहिलेले असावे. तेथे ते जेवले, झोपले, सकाळी पोट साफ झाले, म्हणजे घराबाहेर राहण्याची त्याची तयारी झाली असे समजावे.

माझे मत विचाराल तर सहा वर्षांच्या आतील मुलाला शिबिराची गरज नाही. सहा ते आठ वर्षांच्या मुलास फक्त दिवसाच्या, तेही दोन-तीन तासांच्या शिबिरात घालावे व ते घरापासून जवळ असावे. नऊ वर्षांनंतर दोन-तीन रात्रींचे निवासी शिबिर चालेल, सोबत भावंड किंवा गावातील मैत्रीण असल्यास उत्तम. दहा दिवसांचा मुक्काम अकरा-बारा वर्षांपूर्वी नको. मुलामुलांत फरक असतो हे खरे, परंतु शेजारचा पोरगा राहिला म्हणून आपला राहीलच असे धरून चालू नये.

एका माणसामागे मुले किती?

बियाणे घेताना आपण पिशवीवरील हिरव्यागार पिकाचे चित्र पाहत नाही, लेबल वाचतो. उगवणशक्ती, वाण, लॉट क्रमांक, मुदत. शिबिराच्या पत्रकावर असे लेबल नसते, ते आपणच विचारून भरून घ्यायचे असते. त्यातील पहिला रकाना मुलांच्या व माणसांच्या संख्येचा.

शाळेसाठी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरविले आहे. पण शाळेत मुले वर्गात बसलेली असतात. शिबिरात ती मोकळ्या मैदानात, झाडावर, नळाजवळ असतात. अमेरिकेतील शिबिरांच्या संघटनेचा दंडक सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाच्या शिबिरात आठ मुलांमागे एक व मुक्कामी शिबिरात सहा मुलांमागे एक माणूस असा आहे. आपल्याकडे इतके मनुष्यबळ मिळणे कठीण. तरीही लहान मुलांच्या गटात दहा-बारा मुलांमागे एक प्रौढ माणूस असल्याशिवाय मूल पाठवू नये. बारावीची दोन मुले शिट्टी घेऊन उभी आहेत, ती या हिशेबात धरू नयेत.

पोहणे शिकविणार असतील तर ही अट आणखी कडक हवी. शिकविणारा वेगळा आणि नुसते पाहणारा वेगळा, असे दोघे तरी असावेत. लहान मुलांसाठी उथळ हौद स्वतंत्र असावा. नदीवर, विहिरीवर किंवा धरणाच्या पाण्यावर सहल नेणार असतील तर सरळ नकार द्यावा. झिपलाइन, दोरावरून उतरणे असे साहसी खेळ असतील तर पर्यटन संचालनालयाकडील नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा आयोजकांनी नोंदणी करणे आवश्यक आहे.

पाणी, शौचालय व ऊन

येथे माझी चूक सांगतो. माझी मुलगी साडेसहा वर्षांची असताना मी तिला आमच्या शहरातील एका शिबिरात घातले. पत्रक देखणे होते, पाण्याची मोठी यंत्रे होती, ओळखीचे लोक होते. मी मैदान पाहिले, फी भरली व निघून आलो. तिसऱ्या दिवसापासून मुलगी चिडचिड करू लागली. पाण्याची बाटली भरलेली न्यायची आणि भरलेलीच परत आणायची. आम्हाला वाटले, तिकडचे थंड पाणी पीत असेल. सहाव्या दिवशी ताप आला, लघवीला जळजळ होऊ लागली. डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी तिलाच विचारले, “तू तिकडे पाणी का पीत नाहीस?” तेव्हा कळले. शौचालयाच्या दाराला आतून कडी नव्हती, आत अंधार होता आणि बाहेर मोठी मुले रांगेत उभी राहून दार ढकलत. जावे लागू नये म्हणून ती पाणीच पीत नव्हती. त्रेचाळीस अंश तापमानात, सहा दिवस.

जमिनीचा पोत, निचरा, पाण्याचा सामू तपासून पाहा म्हणून मी शेतकऱ्यांना सांगत फिरतो. ते शौचालयाचे दार उघडून पाहणे मला सुचले नव्हते.

म्हणून शिबिर पाहायला जाल तेव्हा आधी शौचालय पाहावे. मुलींसाठी वेगळे आहे काय, आतून कडी लागते काय, उजेड आहे काय, बादलीत पाणी आहे काय. लहान मुलासोबत कोण जाते, हे विचारावे. त्या कामासाठी बाई ठेवलेली असावी. शौचालय नीट असेल तर बाकी व्यवस्थाही बहुधा नीट असते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी बाब उन्हाची. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते व त्यांना घामही कमी येतो. खेळाच्या भरात तहान लागलेली त्यांना कळत नाही. त्यामुळे मैदानावरील कार्यक्रम सकाळी साडेसहा ते नऊपर्यंतच असावा, त्यानंतर सावलीत बसून करण्याच्या गोष्टी असाव्यात आणि अकराच्या आत मूल घरी पोहोचावे. टिनाच्या छपराखालील सभागृह म्हणजे सावली नव्हे, दुपारी तेथे बाहेरपेक्षा जास्त उकडते. दर अर्ध्या तासाला शिट्टी वाजवून सर्वांना पाणी पाजतात काय, ते विचारावे.

जलसंजीवनीची पाकिटे शिबिरात असावीत व घरीही असावीत. मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावे, थोडे-थोडे काढून वापरू नये. पाकीट नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. मूल सुस्त झाले, असंबद्ध बोलू लागले, अंग भट्टीसारखे तापले, उलट्या झाल्या, तर उन्हाचा झटका समजून त्यास सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंग ओले करावे, वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नये.

मोठे मूल मुक्कामी शिबिरास पाठविणार असाल तर झोपण्याची जागाही पाहून घ्यावी. जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्यांना रात्री मण्यार चावण्याचा धोका असतो. पहिल्या पावसाच्या सुमारास विंचूही बाहेर पडतात. खाट व मच्छरदाणी नसेल तर मुक्काम नको.

माणसे कोण आहेत?

शिकविणारे कोण, कोठले, मागील वर्षी तेच होते काय, हे विचारण्यात संकोच करू नये. पोलिसांकडून त्यांची चारित्र्य पडताळणी झाली असल्यास उत्तम. मूल एकट्या माणसासोबत बंद खोलीत राहणार नाही, हे पाहावे. लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा २०१२ साली झाला, तो मुलगे व मुली दोघांनाही लागू आहे. मुलाला घरीच साध्या शब्दांत सांगून ठेवावे की कपड्याखाली झाकलेल्या अंगाला कोणी हात लावला, किंवा ‘घरी सांगू नको’ असे कोणी म्हटले, तर ते त्याच दिवशी घरी सांगायचे, रागावणार नाही. अडचणीच्या वेळी १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक मोफत आहे.

मुलाला न्यायला कोण येणार, त्यांची नावे लिहून द्यावीत व त्याशिवाय इतर कोणाच्या हाती मूल देऊ नये असे बजावावे. ऑटोने पाठविणार असाल तर ऑटोत किती मुले कोंबतात ते एकदा स्वतः उभे राहून पाहावे.

आणि एक. पालकांना मधेच येऊन पाहू देत नाहीत असे शिबिर कितीही नावाजलेले असले तरी सोडून द्यावे. फी भरण्यापूर्वी एक दिवस मुलाला नुसते नेऊन आणू द्या, असे म्हणावे. आपण सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि सत्तर उगवले तरच पेरतो. येथे एका दिवसाची परीक्षा पुरते. फीची पावती घ्यावी व मूल रमले नाही तर किती पैसे परत मिळतील, ते पावतीवरच लिहून घ्यावे.

एकवीस विषयांचे काय?

त्या पत्रकावर तलवारबाजी, वैदिक गणित, इंग्रजी संभाषण, घोडेस्वारी, नृत्य, व्यक्तिमत्त्व विकास, सर्व काही होते. दहा दिवसांत एकवीस विषय म्हणजे एका विषयाला अर्धा दिवसही नाही. एका एकरात एकवीस पिके घेतल्यासारखेच ते. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवितो, मेंदू जागृत करतो असे कोणी म्हणत असेल तर त्यास शास्त्रीय आधार नाही, तेथे पैसे घालू नयेत.

सहा-सात वर्षांच्या मुलाला माती, पाणी, रंग, गोष्टी, गाणी आणि बरोबरीची मुले लागतात. पुण्यातील गरवारे बालभवनात शोभा भागवत यांनी वर्षानुवर्षे याच गोष्टींवर भर दिला. तेथे मुले रोज नुसती खेळायला येत. जे शिबिर ‘आम्ही खेळू देतो’ असे सांगते, ते पत्रकावर फिके दिसते. पण लहान मुलासाठी तेच घ्यावे.

गावातच शिबिर

आसेगावच्या त्या शेतकऱ्याने यावर विचारले, “असं शिबिर आमच्या इकडं कुठं हाये सर?” प्रश्न रास्त होता. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड येथे काही ना काही असते, परंतु सात वर्षांच्या मुलीला रोज ने-आण करणे नांगरटीच्या दिवसांत कोणाला जमणार?

ताराबाई मोडक यांच्यापुढेही असाच प्रश्न होता. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले व अनुताई वाघ यांच्यासह पुढे कोसबाडला काम वाढविले. आदिवासी पाड्यावरील मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज गावोगावी असलेल्या ‘अंगणवाडी’ या नावाचे मूळ तेथे आहे.

पाच-सहा घरांनी मनावर घेतले तर पंधरा मुलांचे शिबिर गावातच होते. मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीस विचारून जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा व शौचालयाची किल्ली घ्यावी. वेळ सकाळी सात ते साडेनऊ. सुटीला घरी आलेली महाविद्यालयीन मुलगी मुख्य, आणि रोज दोन आया पाळीने. लगोरी, विटीदांडू, बिल्लस, सागरगोटे यांना खर्च नाही. एक दिवस ओल्या मातीचे बैल, एक दिवस एखाद्या आजीच्या गोष्टी. कुंडीत मूग पेरून रोज किती वाढला ते सुतळीने मोजणे मुलांना फार आवडते, हे माझ्या मुलीवरून सांगतो. खाऊला गूळ-शेंगदाण्याचा लाडू किंवा मुरमुरे. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र वगैरे काही नको. गावात श्रीगुरुदेव सेवा मंडळाची शाखा असेल तर भजनाचे, व्यायामाचे जाणते कार्यकर्ते आयते मिळतात.

मुलीही मुलांइतक्याच याव्यात. पैसे भरून शिबिराला मुलगा जातो आणि त्याची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी राहते, हे मी पुष्कळ घरी पाहिले आहे. धाकट्यासकट तिला येऊ द्यावे, कोपऱ्यात एक सतरंजी टाकली की झाले.

मूल शिबिरातून घरी आले की ‘आज काय शिकलास?’ असे विचारू नये. डबा कोणासोबत खाल्ला, पाणी किती वेळा प्यायले, शौचाला कोठे गेले, कोणाचा राग आला, हे विचारावे व बाटली हाती घेऊन पाहावी.

आसेगावच्या त्या जोडप्याने पत्रक माझ्याजवळच ठेवले. आठ दिवसांनी त्या शेतकऱ्याचा फोन आला. शाळेच्या व्हरांड्यात अकरा मुले जमली होती, पंखा एकच होता आणि दुपारपर्यंत चालवा म्हणून मुले ऐकत नव्हती. मी त्यांना एवढेच सांगितले की वेळ वाढवू नका आणि मृगाच्या आत शिबिर आटोपा, कारण पेरणी लागली की पाळीच्या आया शेतात जातील आणि मुलांजवळ कोणी उरणार नाही.